उपाशीपोटी एकशे बत्तीस

सोमवार, ३ मार्च. दुपारचे सव्वादोन.

कोपराच्या आतल्या बाजूला लावलेला कापूस दाबून धरून पलंगावर बसलो आहे. रक्त सकाळी पावणेदहाला काढलं, म्हणजे कापसाची गरज केव्हाच संपली. पण काढायचा धीर होत नाही. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, "एवढं काय बघताय सुईकडे? तिकडे बघा." तिकडे भिंतीवर मूत्रपिंडाचं चित्र होतं. मग परत सुईकडेच बघितलं.

ताई फोनवर म्हणाली म्हणून हे सगळं. मागच्या रविवारी इकडचं तिकडचं बोलता बोलता तिनं एकदम विचारलं, "तुला तहान फार लागते का रे?"

"नाही."

"रात्री उठावं लागतं? डोळ्यांपुढे काळं काळं तरंगल्यासारखं होतं का कधी?"

"नाही. का गं?"

"काही नाही, सहज. एकदा रक्त तपासून घे. बाबांचं होतं ना."

बाबांचं होतं. साखर. आधी पायाचं बोट, मग पाय, मग बाबा. चार वर्षं ताईनं ती जखम धुतली, पट्ट्या बदलल्या, रात्री उठून पाणी दिलं. मी तेव्हा नववीत होतो, तिथेच शाळा सुटली. पण माझी फक्त शाळा गेली, ताईची सगळी उमेद त्या खोलीत गेली. आता ती त्याच घरात एकटी राहते आणि शिवणकाम करते. इथून बसनं दोन तास. वर्षाच्या सुरुवातीपासून मागे लागली आहे, "इकडेच ये राहायला. वरची खोली झाडून ठेवलीय. इथल्या बेकरीतही माणूस हवाय."

जायचं तर मलाही आहे. या खोलीत भिंतीपलीकडच्या माणसाचा खोकला हीच काय ती सोबत. पण मी ठरवलं आहे. रिपोर्ट चांगला आला तरच जायचं. आणखी एक पेशंट तिच्या दारात नेऊन उभा करायचा नाही.

रिपोर्ट उद्या.

मंगळवार, ४ मार्च.

एकशे बत्तीस.

उपाशीपोटी शंभराच्या आत हवी. डॉक्टरांनी संगणकाकडे बघतच सांगितलं. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं, तेही नंबर सत्तावीस मीच का हे विचारायला.

"काय खाऊन आला होतात?"

"काही नाही. आदल्या रात्री आठला जेवलो. पाणीसुद्धा प्यायलो नाही."

"पाणी चालतं. काम काय करता?"

"बेकरीत आहे. केकवर नावं लिहितो."

"म्हणजे केक-बिक चालूच असेल."

"नाही. सहा वर्षांत एक तुकडा खाल्लेला नाही." हे मी जरा मोठ्यानं बोललो. बाहेर बाकावर बसलेल्या बाईंनी आत डोकावून पाहिलं. पण खरं तेच आहे. बाबा गेल्यापासून केक माझ्या घशाखाली उतरत नाही.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक चाचणी असते म्हणाले, पण ते मशीन बंद आहे, सुटा भाग यायचा आहे. केव्हा? "येईल तेव्हा." तोवर खाणं सांभाळा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासा. तेव्हाही जास्त आली तर तिसऱ्यांदा बघू आणि गोळी सुरू करू. "एकदा सुरू केली की सोडायची नाही," हे वाक्य त्यांनी पुढच्या नंबराची बेल दाबत सांगितलं.

बाबांचीही गोळीनंच सुरुवात झाली होती.

शुक्रवार, ७ मार्च.

सुधारणा सुरू आहे. चहा बिनसाखरेचा. बिस्किट बंद. भात बंद. संध्याकाळी दोन उकडलेली अंडी, काकडी आणि शिजवलेली भाजी. जेवणानंतर नदीवरच्या पुलापर्यंत चालत जाऊन येतो. पुलावर लोक जोडीनं येतात, नाहीतर कुत्रं घेऊन. मी दोन्हीविना. एक म्हातारे गृहस्थ रोज मान हलवतात. आज मी आधी हलवली तर ते गोंधळले.

बेकरीत पहाटे साडेचारला पोचायचं. भट्टी उस्तादांची, क्रीम आणि नावं माझी. पॅकिंगला मावशी. तिघांचंच राज्य. मावशी कुणाचीच मावशी नाही, पण सगळे मावशीच म्हणतात. आज तिनं बशीत गरम पावाचा तुकडा पुढे केला. मी नको म्हटलं.

"उपास कसला रे?"

"प्रकृतीसाठी."

"प्रकृती तरी कुठंय तुझ्यात? काडी झालीय नुसती."

उस्ताद भट्टीपुढून ओरडले, "त्याला खायला घालू नकोस, वाऱ्यानं उडाला तर दारं लावून घेऊ." दोघं हसले. मी क्रीमचा कोन भरत राहिलो. माझ्यावर हसण्याखेरीज या दोघांना उद्योग नाही.

निघताना डब्यात एक उकडलेलं अंडं सापडलं. मी ठेवलेलं आठवत नाही. बहुतेक कालचं राहिलं असेल.

मंगळवार, ११ मार्च.

वजन पावणेदोन किलोनं कमी. औषधांच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर. आनंद सांगायला कुणी नव्हतं म्हणून दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "काटा जरा हलका दाखवतो."

ताईला मेसेज केला की माझं सगळं उत्तम चाललं आहे. हल्ली ती मेसेजला उत्तर देत नाही, थेट फोन करते. आजही फोनच आला.

"रिपोर्ट काय आला ते सांगितलं नाहीस."

"अजून एकदा करायचा आहे. तसा बराच आहे." खोटं लिहिताना माझं अक्षर बिघडतं, बोलताना आवाज.

"जपून राहा हं. गोड सोड."

"सोडलंय. तुझं काय चाललंय?"

"माझं काय असणार? शिवण जरा कमी केलंय. सुईत दोरा ओवायचा कंटाळा येतो. शेजारची मुलगी देते ओवून." मग म्हणाली, "तू येऊन गेला असतास दोन दिवस तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, महिनाअखेर बघतो. तिला करमत नसणार. तरीही मी ठरवल्याप्रमाणेच करणार.

शनिवार, १५ मार्च.

दुसरी चाचणी. आज सकाळी बेकरीत श्वास घ्यायला वेळ नव्हता. शनिवार म्हणजे वाढदिवसांचा वार. एकट्या एका शाळेचे अकरा केक, त्यात दोन जुळ्या मुलींची नावं एकाच केकवर. मी नववी नापास आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझ्या हातून केकवर कधी झालेली नाही. लोक फोनवर नाव सांगतात आणि फोन ठेवतात. मी परत फोन करून विचारतो, दीर्घ का ऱ्हस्व. उस्तादांना हे आवडत नाही. "खाणार आहेत की वाचणार आहेत?" पण स्वतःचं नाव चुकीचं लिहिलेलं कापायचं म्हणजे कसं वाटत असेल.

काम मला उस्तादांनी शिकवलं तसंच करतो. क्रीम फेटून झालं की प्रत्येक वेळी चव घ्यायची, फाटायला लागलं असेल तर ते डोळ्यांआधी जिभेला कळतं. आणि कोनातून रेघ सरळ येते का हे केकवर बघायचं नाही. पहिली रेघ डाव्या अंगठ्यावर ओढायची, अंगठा चाटून साफ करायचा आणि मग नाव. फडक्याला पुसला तर फडकं चिकट होतं आणि ते डबल काम. प्रत्येक नावाआधी एक रेघ. रंग बदलला की पुन्हा.

सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. डॉक्टर चालतं म्हणाले तरी घेतलं नाही. नऊ वाजता मावशीनं चहा पुढे केला तर मी हात जोडले. कसलीही शंका राहायला नको. साडेनऊला धावत जाऊन रक्त दिलं.

रविवारी सुट्टी असते तेव्हा गेलो असतो तर एवढी धावपळ झाली नसती, पण रविवारी रक्त काढणारीलाही सुट्टी असते.

सोमवार, १७ मार्च.

एकशे एक्केचाळीस.

एवढं सगळं सोडून नऊनं वाढली.

डॉक्टरांनी आज पेन खाली ठेवलं. "हे बघा, मी काही पोलीस नाही. पण खरं सांगाल तर उपचार करता येतील. काय खाताय?"

मी सगळं सांगितलं. अंडी, काकडी, पूल.

"आणि गोड?"

"काही नाही."

"चोरून-बिरून?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं याची मला इतकी लाज वाटली की मी बूट बांधायला खाली वाकलो. माझे बूट बिनालेसचे आहेत. डॉक्टर म्हणाले, "असू दे. पुढच्या आठवड्यात अखेरची. मग गोळी." आवाज मऊ होता. मऊ आवाजात सांगितलेलं जास्त खरं वाटतं.

घरी येऊन पायांची बोटं एकेक करून बघितली. सगळी गुलाबी आहेत. अजून.

गुरुवार, २० मार्च.

दोन दिवस उठताना भोवळ येते. संध्याकाळचं एक अंडं कमी केलं आहे. पुलापर्यंत जाऊन परत येताना कठड्याला टेकावं लागलं. मान हलवणारे गृहस्थ थांबले, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, उत्तम आहे. ते थोडा वेळ शेजारी उभे राहिले, मग गेले.

ताईचा फोन.

"तुला सोमवारी-मंगळवारी रजा मिळेल का रे?"

"या सोमवारी? नाही गं. का?"

"काही नाही. एका ठिकाणी जायचं होतं. सोबत असती तर बरं."

"बुधवारी माझी चाचणी आहे. ती होऊ दे, मग येतो. नक्की येतो."

"अजून चाचणी? आली का जास्त?" तिचा आवाज एकदम बदलला. मी म्हटलं, नेहमीची आहे, सगळ्यांना दोन-तीनदा करायला सांगतात.

"बरं, बरं. मग तुझं आधी होऊ दे. माझं काय, शेजारच्या वहिनी येतील. बाजारातच जायचंय."

बाजारात जायला सोबत कशाला लागते कोण जाणे. मोठं काही घ्यायचं असेल, कपाट वगैरे. फोन ठेवताना वाटलं, सांगून टाकावं, ताई, मलाही बाबांसारखंच झालंय, मला भीती वाटते. पण मग ती उद्याच्या बसनं इथे येईल, या खोलीत खाली अंथरूण घालून झोपेल आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होईल. नको.

मंगळवार, २५ मार्च.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी सात वाजता केकवर एका आजोबांचं नाव लिहीत होतो. मावशी समोर खोक्यांना दोरी बांधत होती.

"उद्या तुझी तपासणी ना? उद्याही असाच उपाशी येणार?"

"हो. रात्री आठपासून काही नाही. आजच्यासारखंच. पाणीसुद्धा नाही."

"आजही काही खाल्लं नाहीस?"

"नाही."

तिनं दोरी खाली ठेवली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझा डावा हात मनगटाशी धरून वर केला. अंगठा ओला होता. त्यावर गुलाबी रेघेचा डाग.

"मग हे काय आहे?"

"हे काम आहे."

"काम पोटात जात नाही होय रे?"

मला कळेना. म्हणजे कळलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. मी म्हटलं, "मावशी, मी केक खात नाही."

"केक नाही खात. साखर खातोस. पहाटेपासून मी बघतेय, पाखरासारखा टिपतोयस नुसता. वर ते क्रीम, दर वेळी बोटभर. सकाळभरात वाटी होत असेल बाबा."

उस्ताद भट्टीपुढून आले. काय झालं ते मावशीनं सांगितलं. मला वाटलं आता दोघं महिनाभर हसणार. उस्ताद हसले नाहीत. स्वतःचा अंगठा बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या उस्तादांनी आम्हाला तसंच शिकवलं. ते साखरेनंच गेले." आणि थोड्या वेळानं, "उद्या तू दहाला ये. आधी रक्त, मग कोन."

"आणि नावं?"

"मी लिहीन."

"उस्ताद, जरा ऱ्हस्व-दीर्घ—"

"जा रे!"

आता घरी बसून लिहितोय. डॉक्टर मला खोटारडा समजत होते म्हणून मी डोळ्यांत पाणी आणलं. एक माणूस जरी सकाळी माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघत असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, असं लिहिणार होतो. पण मावशी बसलेली होतीच. मीच तिला कधी सांगितलं नाही की तपासणी कसली आहे. उस्तादांकडून तिला नुसतं 'दवाखाना' एवढंच कळलं होतं.

तरी खात्री नाही. उद्या काय निघेल ते निघेल.

बुधवार, २६ मार्च. संध्याकाळचे पाच.

चौऱ्याण्णव.

रिपोर्ट आजच मिळाला, कारण मी बाकावरून उठलोच नाही. डॉक्टरांनी अंगठ्याची गोष्ट ऐकली, चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाले, "सांगायचं नाही का?" मी म्हटलं, तुम्ही खाण्याचं विचारलंत. गोळी नाही. मशीन दुरुस्त झालं की सरासरी एकदा बघून घेऊ, आणि ते वेडगळ जेवण बंद करा, भात खा, असं बजावलं. या खेपेला माझ्याकडे बघून बोलले.

बाहेर पायरीवर बसून लगेच ताईला फोन लावला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: ताई, खोली दे, मी येतो.

फोन उचलला दुसऱ्याच बाईंनी.

"ताई झोपल्यात. नुकताच डोळा लागलाय. म्हणजे, एकच उघडा आहे, तो."

"म्हणजे?"

"दुसऱ्यावर पट्टी आहे ना. तुम्ही कोण?"

"मी भाऊ."

"अगं बाई. तुम्ही धाकटे का? मग त्यांनाच विचारा हो. मला सांगू नका म्हणाल्यात."

फोन ठेवला. ती तहान, ते रात्रीचं उठणं, ते डोळ्यांपुढचं काळं. ते मला विचारणं नव्हतंच.

गुरुवार, २७ मार्च. ताईच्या घरी.

पहिल्या बसनं आलो. उस्तादांनी दोन दिवस दिले. दारात शेजारच्या वहिनी भेटल्या, त्यांनी नुसती मान डोलावली आणि आपल्या घरात गेल्या.

ताई खिडकीपाशी खुर्चीवर होती. डाव्या डोळ्यावर पट्टी. माझ्याकडे बघताना तिनं मान जरा तिरकी केली, पक्षी करतो तशी.

"किती आली?" पहिला प्रश्न हाच.

"चौऱ्याण्णव."

"उपाशीपोटी?"

"हो. खरोखरीच्या."

ती मागे टेकली. "सुटले बाई."

"आणि तुझी?"

"आता आहे एकशे साठ. जानेवारीत कळलं तेव्हा तीनशेच्या घरात होती." एखाद्या कापडाचा भाव सांगावा तसं सांगितलं तिनं. डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. सोमवारी ऑपरेशन झालं. उजव्याचं तीन आठवड्यांनी.

"बाजारात जायचंय म्हणालीस."

"मग काय सांगू? तू आधीच घाबरट. तुझी चाचणी चालू होती. म्हटलं, तुझा रिपोर्ट चांगला येऊ दे, मग सांगू. वाईट आला असता तर सांगितलंच नसतं."

मीही तेच ठरवलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात तिनं माझं मनगट चाचपलं. "हे काय? हाडं लागतायत. जेवत नाहीस का?"

"जेवतो आता."

"भात टाक. दोघांचा. माझा मूठभर."

दुपारी वरची खोली उघडली. झाडून ठेवलीय म्हणत होती ती. धुळीत माझी पावलं उमटली. जिना चढणं तिनं कधी सोडलं कोण जाणे. झाडली, पुसली, खिडकी उघडली. खालून तिचा आवाज, "काय करतोस रे वर?" मी म्हटलं, सामान बघतोय.

इथल्या बेकरीत जाऊन विचारलं. फेब्रुवारीतच माणूस लागला. मालक म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. उस्तादांना फोन करून सांगितलं की महिना संपला की मी सोडणार. त्यांनी विचारलं, "काम मिळालं?" "नाही." "मग?" मी म्हटलं, ताईजवळ राहायचं आहे. ते म्हणाले, "बरं. हिशोब करून ठेवतो."

रात्री ताई झोपल्यावर शेजारी गेलो. वहिनींना सोमवारचं गाडीभाडं विचारलं. त्या नको नको म्हणत होत्या. मी उभाच राहिलो तेव्हा सांगितलं. दवाखान्यात सोबतीचं माणूस असल्याशिवाय आत घेत नव्हते, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून होत्या. कागदावर सोबत म्हणून सही त्यांचीच. नातं विचारलं तेव्हा 'बहीण' लिहिलं, म्हणाल्या, दुसरं काय लिहायचं?

आजवरचा जमाखर्च.

खर्च: रक्त तपासणी तीन वेळा, ५४०. डॉक्टर तीन वेळा, ६००. बस, आजची, ८५.

देणं: मावशीला अंड्यांचे. डब्यातली अंडी माझी नव्हती हे आता कळतं. किती ते विचारून लिहीन.

देणं: शेजारच्या वहिनींना गाडीभाडं, जाऊन-येऊन ७०. त्यांनी घेतले नाहीत, मी उंबऱ्यावर ठेवून आलो.

देणं: त्यांनाच, एक सही आणि एक अख्खा दिवस बाकावर. रक्कम लिहिलेली नाही. जागा मोकळी सोडली आहे.